विश्लेषण : मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारचा माणूस इतका मोलाचा का?

बेंगळूरुच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर ४ जुलै २०२३ रोजी भारताने कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये ५-४ असे हरवले आणि 'सॅफ' फुटबॉल स्पर्धा नवव्यांदा जिंकली. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवलेली अखेरची पेनल्टी सर्वांच्या लक्षात राहिली. त्या रात्री भारताचे मुख्य प्रशिक्षक इगॉर स्टिमॅच मात्र संघाच्या बाकावर नव्हते. स्पर्धेत दोनदा लाल कार्ड मिळाल्याने त्यांच्यावर बंदी होती. नेपाळविरुद्धचा साखळी सामना, लेबननविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धची अंतिम फेरी, असे तीन सामने मैदानालगत उभे राहून साहाय्यक प्रशिक्षक महेश गवळी यांनी सांभाळले. भारत तिन्ही जिंकला.

गोव्याचे गवळी हे भारताचे माजी बचावपटू. डेम्पोसाठी ते अनेक वर्षे खेळले. जेतेपदानंतरच्या चर्चेत त्यांचे नाव फारसे आले नाही. साहाय्यक प्रशिक्षकांच्या बाबतीत हे नेहमीचेच. संघ जिंकला की छायाचित्र मुख्य प्रशिक्षकाचे छापले जाते. संघ हरला की मुख्य प्रशिक्षकाबरोबर साहाय्यकाचीही नोकरी जाते. पण फुटबॉलच्या इतिहासातील मोठे संघ पाहिले, तर मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी बहुतेक वेळा एक अनुभवी माणूस दिसतो. तो नेमके काय करतो, तो गेला की काय होते आणि भारतीय क्लब त्याच्याकडे कसे पाहतात, याचा हा आढावा.

साहाय्यक प्रशिक्षकाचे काम नेमके काय?

'मुख्य प्रशिक्षकाला मदत करणे' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. व्यावसायिक क्लबचा आठवडा सामन्याभोवती फिरतो. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळलेल्यांना हलका व्यायाम आणि बाकावर बसलेल्यांना पूर्ण सराव, असे दोन गट पडतात. पुढच्या दिवसांत प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पाहणे, त्यानुसार सराव आखणे, बचाव फळी आणि आघाडी फळीचा वेगवेगळा सराव घेणे, दुखापतीतून परतणाऱ्याला किती वेळ पळवायचे हे फिजिओशी बोलून ठरवणे, ही कामे येतात. यातला बराचसा भार साहाय्यकांवर असतो. अनेक क्लबांत रोजचा सराव प्रत्यक्ष साहाय्यकच घेतात आणि मुख्य प्रशिक्षक कडेला उभे राहून पाहतात.

सामन्याच्या दिवशी काम बदलते. फुटबॉलच्या नियमांनुसार तांत्रिक क्षेत्रातून एका वेळी एकाच व्यक्तीला डावपेचाच्या सूचना देता येतात. त्यामुळे मुख्य प्रशिक्षक रेषेजवळ उभा असतो तेव्हा साहाय्यक बाकावर बसून खेळ वाचत असतो. प्रतिस्पर्ध्याने मांडणी बदलली का, आपला डावा बचावपटू दमला आहे का, पिवळे कार्ड मिळालेला मध्यरक्षक अजून किती वेळ मैदानावर ठेवायचा, यावर त्याची नजर असते. बदली खेळाडू आत जाण्यापूर्वी त्याच्या कानात बोलणारा आणि कॉर्नरच्या वेळी कोणाला रोखायचे हे त्याला कागदावर किंवा टॅब्लेटवर दाखवणारा माणूसही बहुधा साहाय्यकच असतो.

२०१८ पासून नियमांनी बाकावर प्रशिक्षणासाठी छोटी इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरण्यास मुभा दिली. पाच बदली खेळाडूंचा नियम २०२२ मध्ये कायम झाला. म्हणजे ९० मिनिटांत घ्यायचे निर्णयही वाढले आणि त्यासाठी समोर येणारी माहितीही वाढली. एकट्या माणसाला हे सारे झेपणे अवघड आहे.

अनुभवाने काय फरक पडतो?

सराव घेण्याचे तंत्र परवान्याच्या अभ्यासक्रमात शिकता येते. आशियात एएफसीचे 'सी', 'बी', 'ए' आणि 'प्रो' असे टप्पे आहेत. मात्र तीन गोष्टी वर्षे घालवूनच येतात.

पहिली म्हणजे नाराज खेळाडू सांभाळणे. २५ जणांच्या संघातून ११ जण सामन्याची सुरुवात करतात. म्हणजे संघ जाहीर झाला की १४ जण कमी-अधिक नाराज असतात. मुख्य प्रशिक्षक हा त्यांना वगळणारा माणूस असल्याने त्याच्याकडे मन मोकळे करणे कठीण जाते. ते साहाय्यकाकडे बोलतात. त्यातले काय मुख्य प्रशिक्षकाच्या कानावर घालायचे आणि काय स्वतःच्या पोटात ठेवायचे, याचा पोच अनुभवानेच येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'नाही' म्हणणे. मुख्य प्रशिक्षकाभोवती होयबांची कमतरता नसते. त्याचा निर्णय चुकतो आहे असे बंद दाराआड स्पष्ट सांगणारा आणि दार उघडल्यावर तोच निर्णय स्वतःचा मानून राबवणारा माणूस दुर्मीळ. नवख्या साहाय्यकाला पहिले जमत नाही, महत्त्वाकांक्षी साहाय्यकाला अनेकदा दुसरे.

तिसरी म्हणजे क्लबची स्मृती. कोणत्या खेळाडूचा स्नायू थंडीत धरतो, कोणाला ओरडलेले चालते, मागच्या वेळी सलग चार पराभव झाले तेव्हा काय केल्याने संघ सावरला, ही माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे मावत नाही. ती माणसांत असते आणि माणसांबरोबर जाते.

क्लफ आणि टेलर यांची जोडी का आठवली जाते?

साहाय्यकाची किंमत दाखवणारे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधले आहे. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर मिडल्सब्रो क्लबमध्ये एकत्र खेळले. क्लफ आघाडीवीर, टेलर गोलरक्षक. १९६५ मध्ये हार्टलपूल्समध्ये त्यांनी एकत्र प्रशिक्षण सुरू केले. १९६७ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतल्या डर्बी काउंटीत गेले आणि १९७२ मध्ये तो क्लब इंग्लंडचा विजेता झाला. क्लफ बोलके, आक्रमक, कॅमेऱ्यासमोर रमणारे. टेलर यांची खासियत होती खेळाडू हेरण्याची.

१९७४ मध्ये क्लफ लीड्स युनायटेडला गेले, तेव्हा टेलर ब्रायटनमध्येच थांबले. लीड्स त्या वेळी गतविजेता होता. क्लफ तिथे अवघे ४४ दिवस टिकले. आधीच्या संघाबद्दल त्यांनी उघडपणे केलेली टीका खेळाडूंना आवडली नव्हती. त्यांना वेळीच आवरणारा, ड्रेसिंग रूमचा रंग ओळखून सांगणारा जुना सहकारी या वेळी शेजारी नव्हता.

१९७६ मध्ये टेलर नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये क्लफ यांना पुन्हा मिळाले. फॉरेस्ट तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. १९७७ मध्ये तो वर आला, १९७८ मध्ये लीग जिंकला, १९७९ आणि १९८० मध्ये सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. बर्मिंगहॅममध्ये आघाडीला खेळणाऱ्या केनी बर्न्सला फॉरेस्टने बचावात आणले. त्यामागे टेलर यांचा आग्रह होता. बर्न्स १९७८ मध्ये फुटबॉल पत्रकारांच्या निवडीत इंग्लंडमधला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

टेलर यांनी १९८२ मध्ये क्लब सोडला. क्लफ आणखी ११ वर्षे तिथे होते. त्यांनी १९८९ आणि १९९० मध्ये लीग कप जिंकला, पण लीगचे किंवा युरोपचे विजेतेपद पुन्हा मिळाले नाही. १९९३ मध्ये, त्यांच्या अखेरच्या मोसमात, फॉरेस्टची खालच्या श्रेणीत घसरण झाली. याला पैसा, वय, प्रकृती अशी इतर कारणेही होती. तरीही टेलर असतानाचा आणि नसतानाचा फरक डोळ्यांत भरतो.

लिव्हरपूलने साहाय्यकांची परंपरा कशी उभी केली?

क्लफ-टेलर यांचे यश एका जोडीचे होते. लिव्हरपूलने त्याची व्यवस्था केली. १९५९ च्या अखेरीस बिल शँकली व्यवस्थापक म्हणून आले. नवा व्यवस्थापक सहसा जुने सहकारी काढतो. शँकली यांनी बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट या क्लबमध्ये आधीपासून असलेल्या मंडळींना कायम ठेवले. ॲनफिल्ड मैदानात खेळाडूंचे बूट ठेवण्याची एक छोटी खोली होती. तिथे बसून हे लोक सामन्याची चिरफाड करत. रोजचा सराव, हवामान, दुखापती यांच्या नोंदी वह्यांमध्ये ठेवल्या जात. पुढे ही मंडळी 'बूट रूम' याच नावाने ओळखली जाऊ लागली.

१९७४ मध्ये शँकली अचानक निवृत्त झाले, तेव्हा क्लबने बाहेर शोध घेतला नाही. १९३९ पासून क्लबशी जोडलेले पेस्ली यांच्याकडे सूत्रे आली. पुढच्या नऊ मोसमांत लिव्हरपूलने सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप जिंकले. १९८३ मध्ये पेस्ली थांबले आणि फेगन आले. पहिल्याच मोसमात त्यांनी लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तिन्ही जिंकले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्याआधी त्या क्लबचे प्रमुखपद कधी भूषवले नव्हते.

कंपन्यांच्या भाषेत याला 'उत्तराधिकार नियोजन' म्हणतात. लिव्हरपूलने ते बूट ठेवण्याच्या खोलीत केले होते.

फर्ग्युसन यांनी काय वेगळे केले?

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी मँचेस्टर युनायटेडमध्ये २६ वर्षांहून अधिक काळ काढला, पण साहाय्यक बदलत गेले. आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लारेन, कार्लोस क्विरोझ, माइक फेलन अशी ती रांग आहे.

फर्ग्युसन यांनी स्वतः सांगितलेला ॲबरडीनमधला एक प्रसंग बोलका आहे. सगळे काही तुम्हीच करता, मग मला इथे आणले कशाला, असे त्यांच्या साहाय्यकाने चहा पिताना त्यांना विचारले. आधी फर्ग्युसन यांना ते पटले नाही. मग त्यांनी सराव साहाय्यकाकडे सोपवला आणि स्वतः कडेला उभे राहून पाहू लागले. सराव घेताना चेंडूकडे लक्ष असते, पाहताना माणसांकडे जाते, हे त्यांना त्यातून उमगले. एखाद्या खेळाडूचा उत्साह का उतरला, कोण दुखापत लपवतो आहे, हे त्यांना दिसू लागले.

साहाय्यक बदलल्याचे परिणामही दिसले. डिसेंबर १९९८ मध्ये किड गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये मॅक्लारेन आले. त्यांच्या पहिल्याच सामन्यात युनायटेडने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ८-१ असे हरवले आणि मे महिन्यात प्रीमियर लीग, एफए कप व चॅम्पियन्स लीग अशी तिहेरी कामगिरी पूर्ण केली. मॅक्लारेन २००१ मध्ये गेले. पुढच्या मोसमात त्यांच्या तोडीचा बाहेरचा माणूस आणला गेला नाही. सलग तीन वर्षे लीग जिंकलेला तो संघ तिसरा आला आणि एकही करंडक मिळाला नाही. २००२ मध्ये क्विरोझ आले, २००३ मध्ये विजेतेपद परत आले. एका वर्षासाठी रेआल माद्रिदला जाऊन क्विरोझ २००४ मध्ये परतले. २००८ ची चॅम्पियन्स लीग त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत आली.

मॉयेस यांचे काय चुकले?

२०१२-१३ च्या मोसमात युनायटेडने ११ गुणांच्या फरकाने प्रीमियर लीग जिंकली आणि फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यांच्या जागी एव्हर्टनचे डेव्हिड मॉयेस आले. मॉयेस यांनी एव्हर्टनमधील आपले सहकारी सोबत आणले. साहाय्यक माइक फेलन, रेने मुलेनस्टीन आणि गोलरक्षक प्रशिक्षक एरिक स्टील यांनी क्लब सोडला.

मुख्य प्रशिक्षकाला स्वतःची माणसे हवी असतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले होते. म्हणजे विजेत्या संघाला ओळखणारी वरची जवळपास सगळी माणसे एकदम गेली. सहा वर्षांचा करार असलेले मॉयेस पहिला मोसमही पूर्ण करू शकले नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये त्यांना हटवण्यात आले. युनायटेड सातव्या स्थानी राहिला.

संघ वयस्कर झाला होता, खरेदी फसली होती, ही कारणेही खरी आहेत. एखादा साहाय्यक राहिला असता तर विजेतेपद मिळाले असते, असा दावा कोणी करू नये. पण नव्या माणसाला जुने घर दाखवायला एकही माणूस शिल्लक ठेवला नाही, ही जोखीम टाळता येण्यासारखी होती.

शेजारच्याच क्लबने ती टाळली. फर्ग्युसन यांचे माजी साहाय्यक ब्रायन किड नंतर मँचेस्टर सिटीत आले. तिथे त्यांनी रोबेर्तो मँचिनी, मॅन्युएल पेलेग्रिनी आणि पेप गार्डिओला या तीन वेगवेगळ्या स्वभावांच्या मुख्य प्रशिक्षकांसोबत काम केले. या काळात, २०१२ ते २०२१ दरम्यान, सिटीने पाच वेळा प्रीमियर लीग जिंकली. प्रमुख बदलत गेले, शेजारचा माणूस तोच राहिला.

चांगला साहाय्यक चांगला मुख्य प्रशिक्षक होतोच का?

तसे नाही, आणि किड यांचेच उदाहरण पुरेसे आहे. १९९८ मध्ये युनायटेड सोडून ते ब्लॅकबर्नचे व्यवस्थापक झाले आणि त्याच मोसमात ब्लॅकबर्नची घसरण झाली. क्विरोझ रेआल माद्रिदमध्ये एकच मोसम टिकले. युर्गन क्लॉप यांचे लिव्हरपूलमधील साहाय्यक पेप लाइंडर्स २०२४ मध्ये रेड बुल साल्झबर्गचे प्रमुख झाले. डिसेंबरमध्ये त्यांना हटवण्यात आले. २०२५ मध्ये ते गार्डिओला यांचे साहाय्यक म्हणून सिटीत रुजू झाले.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. योआकिम लोव हे युर्गन क्लिन्समन यांचे साहाय्यक होते. २००६ मध्ये ते जर्मनीचे प्रमुख झाले. त्यांचे साहाय्यक हान्सी फ्लिक. दोघांनी मिळून २०१४ चा विश्वचषक जिंकला. फ्लिक २०१९ मध्ये बायर्न म्युनिकमध्ये साहाय्यक म्हणून आले आणि नोव्हेंबरमध्ये निको कोवाच यांच्या जागी प्रमुख झाले. २०२० मध्ये बायर्नने लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली. हेच फ्लिक जर्मनीच्या राष्ट्रीय संघासोबत अपयशी ठरले आणि बार्सिलोनात पुन्हा यशस्वी झाले.

लिओनेल स्कालोनी हे २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचे साहाय्यक होते. संघ उपउपांत्यपूर्व फेरीत बाद झाला आणि स्कालोनी यांना हंगामी जबाबदारी मिळाली. वरिष्ठ संघाचे प्रमुखपद त्यांनी आधी कधी सांभाळले नव्हते. त्यांनी पाब्लो आयमार, वॉल्टर सॅम्युएल आणि रोबेर्तो आयाला या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना सोबत घेतले. २०२१ चा कोपा अमेरिका, २०२२ चा विश्वचषक आणि २०२४ चा कोपा अमेरिका या चौकडीने जिंकला.

याचा अर्थ साहाय्यक हे वेगळे कौशल्य आहे. काहींसाठी ती पायरी असते, काहींसाठी तेच शिखर. किड यांना ब्लॅकबर्नवरून मोजले तर ते अपयशी ठरतात. मँचेस्टरमधल्या दोन्ही क्लबांवरून मोजले तर त्यांच्या इतकी लीग विजेतेपदे पाहिलेले प्रशिक्षक विरळाच.

साहाय्यकांची संख्या का वाढते आहे?

काम विभागले गेले आहे. गोलरक्षक प्रशिक्षक जुना झाला. लिव्हरपूलने २०१८ मध्ये केवळ थ्रो-इनसाठी थॉमस ग्रोनेमार्क यांना नेमले. कॉर्नर आणि फ्री किकसाठी आर्सेनलने २०२१ मध्ये निकोलस जोव्हर यांना घेतले. गोल झाल्यावर कॅमेरा हल्ली त्यांच्याकडेही वळतो.

अशा तज्ज्ञाची किंमत एका सामन्यातही वसूल होते. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स-कोस्टा रिका उपांत्यपूर्व सामना शूटआउटकडे चालला होता. जादा वेळेच्या अगदी शेवटी लुइस व्हॅन गाल यांनी गोलरक्षक बदलला. टिम क्रूल आत आला आणि त्याने दोन पेनल्टी अडवल्या. ही आयत्या वेळची लहर नव्हती. गोलरक्षक प्रशिक्षक फ्रान्स हूक यांच्यासोबत ती योजना आधीच ठरली होती.

मात्र तज्ज्ञ वाढले की त्यांचे म्हणणे जुळवणाराही लागतो. सेट-पीस प्रशिक्षकाला उंच खेळाडू हवा असतो, फिजिओला त्यालाच विश्रांती द्यायची असते, विश्लेषक तिसरेच नाव सुचवतो. या सगळ्यांचे ऐकून मुख्य प्रशिक्षकासमोर दोन पर्याय ठेवणारा अनुभवी साहाय्यक म्हणूनच आज अधिक गरजेचा झाला आहे.

भारतीय क्लबांत चित्र काय आहे?

इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) क्लबांना भारतीय साहाय्यक प्रशिक्षक ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. उद्देश चांगला आहे. परदेशी मुख्य प्रशिक्षकाला स्थानिक खेळाडू, भाषा, हवामान कळावे आणि भारतीय प्रशिक्षकांना मोठ्या स्तरावर शिकता यावे. पण नियमाने खुर्ची मिळते, काम मिळतेच असे नाही.

गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांची कारकीर्द पाहावी. २०१९-२० च्या मोसमात एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना साखळीच्या अखेरच्या टप्प्यात हटवले. मिरांडा यांच्याकडे हंगामी सूत्रे आली. उरलेले तिन्ही साखळी सामने संघाने ४-१, ५-२ आणि ५-० असे जिंकले. गोव्याने साखळीतील अव्वल संघाची 'शील्ड' मिळवली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जागा मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या मोसमात क्लबने स्पेनचे हुआन फेर्रांदो यांना नेमले. मिरांडा पुन्हा साहाय्यक झाले.

२०२३ मध्ये ओडिशा एफसीत तेच घडले. जोसेप गोम्बाऊ गेल्यावर मिरांडा यांनी हंगामी प्रमुख म्हणून संघ हाती घेतला आणि एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात बेंगळूरु एफसीला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला. पुढच्या मोसमासाठी ओडिशाने प्रमुख म्हणून निवडले सर्जिओ लोबेरा यांना, म्हणजे गोव्यात ज्यांच्या जागी मिरांडा आले होते त्यांनाच. लोबेरा यांची कामगिरी मोठी आहे आणि निवडीचा हक्क क्लबचा आहे. तरीही संकटात आठवणारा माणूस संकट टळताच विसरला जातो, हा नमुना नजरेआड करता येत नाही. क्लब साहाय्यकाकडे गाडीतल्या स्टेपनीसारखे पाहतात. मिरांडा यांना आयएसएल क्लबचे पूर्णवेळ प्रमुखपद मिळाले ते २०२५ मध्ये, चेन्नईयन एफसीत.

खालिद जमील यांचा प्रवास काय सांगतो?

महिंद्रा युनायटेड आणि मुंबई एफसीसाठी खेळलेले जमील मुंबईच्या फुटबॉल वर्तुळात घडले. मुंबई एफसीचे ते अनेक वर्षे प्रशिक्षक होते. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. देशाची लीग जिंकलेला हा माणूस नंतर आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा साहाय्यक म्हणून काम करत होता. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस यांना हटवल्यावर सूत्रे त्यांच्याकडे आली. साखळीतील उरलेल्या नऊ सामन्यांत संघ एकदाही हरला नाही आणि बाद फेरीत पोहोचला. त्यानंतरच ते आयएसएल क्लबचे पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. सुरुवात संमिश्र झाली. काफा नेशन्स कपमध्ये ओमानला शूटआउटमध्ये हरवून भारत तिसरा आला, पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. निकाल काहीही असोत, इथवर येण्याचा रस्ता साहाय्यकाच्या बाकावरून गेला, हे महत्त्वाचे. ती खुर्ची नावापुरती असती आणि खेळाडू त्यांना ओळखत नसते, तर जानेवारी २०२१ मध्ये एका आठवड्यात संघ सावरला नसता.

क्लबांनी काय करायला हवे?

२०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचे गाडे अडले आणि मोसम लांबला. अशा वेळी क्लब खर्च कापतात. दुय्यम वाटणारी पदे त्यात आधी जाण्याची भीती असते. म्हणूनच हा विषय आज निकडीचा आहे. पैसा कमी असलेल्या क्लबला तर अनुभवी साहाय्यक अधिकच परवडतो. महागडा परदेशी प्रशिक्षक दर मोसमाला बदलला की प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून सुरू होते. खेळाडूंना ओळखणारा एक माणूस कायम असेल, तर नव्या प्रमुखाचे सुरुवातीचे महिने वाया जात नाहीत.

त्यासाठी फार मोठ्या योजना लागत नाहीत. किमान एका साहाय्यकाचा करार मुख्य प्रशिक्षकाशी न जोडता थेट क्लबशी आणि काही वर्षांचा करावा. प्रमुख बदलला तरी तो राहील, हे नव्या प्रमुखाला नियुक्तीच्या वेळीच सांगावे. त्याला बचाव, सेट-पीस किंवा युवा खेळाडू असे एक ठरावीक खाते द्यावे, म्हणजे त्याच्या कामाचे मोजमाप होईल. हंगामी म्हणून संघ सावरणाऱ्याला पूर्णवेळ पदासाठी निदान मुलाखतीला बोलवावे. ज्याला प्रमुख व्हायचे नाही, त्याला साहाय्यक म्हणूनच सन्मानाने आणि चांगल्या पगारावर निवृत्तीपर्यंत काम करता यावे.

यातही धोका आहे. क्लबने बसवलेला साहाय्यक हा व्यवस्थापनाचा हेर आहे, असा संशय नव्या प्रमुखाला येऊ शकतो. काही क्लबांत दुसरा माणूस पहिल्याची खुर्ची ओढायलाही टपलेला असतो. त्यामुळे कोणाचे काय काम आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे लेखी ठरलेले असावे. शेवटचा शब्द मुख्य प्रशिक्षकाचाच असला पाहिजे. मात्र त्या आधीचा एक शब्द ऐकून घेण्याची सोय क्लबने करून ठेवायला हवी.

पुढच्या मोसमाच्या नियुक्त्या जाहीर होतील तेव्हा मोठ्या छायाचित्रातल्या मुख्य प्रशिक्षकाबरोबर खालच्या ओळीतली नावेही वाचावीत. तिथला माणूस किती वर्षांपासून क्लबमध्ये आहे आणि त्याच्याकडे कोणते काम दिले आहे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तो क्लब पुढच्या मोसमाचा विचार करतो आहे की फक्त पुढच्या सामन्याचा, याचा अंदाज बांधता येईल.